सुपरहिरोचा सिनेमा कॉमिकशी किती इमान राखतो? पडताळून पाहायची रीत

पेडण्यात रात्रभर दशावतार बघत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. संकासूर येतो तो काळ्या वेशात. त्याचं बोलणं कुठे लिहून ठेवलेलं नसतं. नट ते उभ्या उभ्या रचतो, त्यात गावच्या पंचायतीपासून बांगड्याच्या दरापर्यंत काहीही येतं आणि कोणाची हरकत नसते. मात्र वेद पळवणारा तो असुर एखाद्या रात्री वेदांची राखण करायला लागला, तर पुढच्या रांगेतले म्हातारे चटई गुंडाळून घरची वाट धरतील. बोलणं बदललं तर चालतं, पिंड बदललेला चालत नाही.

सुपरहिरोंचे सिनेमे मूळ कॉमिकशी ताडताना हीच साधी गोष्ट निसटते. वाद अडकतो पोशाखाच्या रंगावर आणि नटाच्या उंचीवर. कॉमिकमधला वुल्व्हरिन ५ फूट ३ इंचांचा, बुटका आणि रुंद. पडद्यावरचा ह्यू जॅकमन सहा फुटांहून उंच. तरीही 'लोगन' (२०१७) मधला थकलेला, आपल्याच रागाला घाबरणारा माणूस वाचकाला लगेच ओळखू येतो. उलट 'वॉचमेन' (२००९) मध्ये कॉमिकच्या चौकटीच्या चौकटी हुबेहूब उतरल्या आहेत, आणि तरी वाचलेलं काहीतरी हातातून सुटल्यासारखं वाटतं. हे का होतं ते बोट ठेवून दाखवता यावं, एवढ्यासाठी ही रीत. चार ते आठ जणांच्या गटाला ती सोयीची आहे. एकट्यालाही जमते, फक्त वाद घालायला समोर कोणी हवं.

जमवाजमव

गोव्यात यासाठी उत्तम काळ म्हणजे जूनच्या मध्यापासून चवथीपर्यंत. पावसाने बाहेरचे बेत तसेही मोडतात. सहा रविवार धरा, एका रविवारी एक नायक. एका बैठकीचा हिशेब असा: ४० मिनिटं वाचन, १५ मिनिटं चहा, मग सिनेमा, मग पाऊण तास बोलणं. एकूण चार तास लागतात. 'द बॅटमॅन' (२०२२) सारखा १७६ मिनिटांचा सिनेमा असेल तर वाचन आदल्या आठवड्यात घरी उरका, नाहीतर शेवटचं बोलणं, जे सगळ्यात महत्त्वाचं, तेच घाईत गुंडाळलं जातं.

वाचनाचा वेग मोजून ठेवा. अमेरिकन कॉमिकचा एक अंक साधारण २० ते २२ पानांचा असतो आणि चित्रं नीट बघत वाचला तर १५ ते २० मिनिटं घेतो. म्हणजे बैठकीत दोन अंक होतात, त्याहून जास्त नाही. एका प्रतीवर दोघांपेक्षा जास्त जण बसू नयेत. कॉमिक एकाने मोठ्याने वाचून बाकीच्यांना ऐकवायची युक्ती बऱ्याच जणांना सुचते, पण ती फसते. कोणत्या चौकटीवर किती थांबायचं हे वाचकाच्या डोळ्याने ठरवायचं असतं, आणि मोठ्याने वाचणारा तो हक्क काढून घेतो.

पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, नाहीतर आपल्या तालुक्याचं वाचनालय, इथे आधी विचारा. जाताना कथेचं नाव, अंकाचा क्रमांक, लेखक आणि चित्रकार एवढं कागदावर लिहून न्या. नुसतं 'स्पायडर-मॅन' मागितलं तर बहुतेक वेळा सिनेमावरून बनवलेलं मुलांचं गोष्टीचं पुस्तक हाती येतं. सिनेमाची तुलना सिनेमाच्याच सावलीशी करण्यात काही अर्थ नाही.

घरच्या दूरदर्शन संचावर चारचौघांनी बघायला ऑनलाइन सिनेमांची घरगुती वर्गणी चालते. वाचनालयाच्या सभागृहात किंवा देवळाच्या मंडपात लोकांना दाखवायचा असेल तर जाहीर प्रदर्शनाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. तो नसेल तर गट लहान ठेवा आणि कोणाच्या तरी बाल्कांवामागच्या, म्हणजे घराच्या ओसरीमागच्या खोलीत जमा. 'लोगन', 'डेडपूल', 'ड्रेड', 'वॉचमेन' हे चार सिनेमे रक्तपाताचे आहेत. मुलं असतील त्या रविवारी ते लावू नका.

सिनेमा लावायच्या आधी त्याची लांबी तपासा. 'वॉचमेन' चित्रगृहात १६२ मिनिटांचा होता, दिग्दर्शकाने वाढवलेली आवृत्ती १८६ मिनिटांची आहे आणि त्याहून लांब २१५ मिनिटांचीही आहे. गटातल्या दोघांनी दोन वेगळ्या आवृत्त्या बघितल्या असतील तर अर्धा तास भलत्याच भांडणात जातो. तोच प्रकार भाषेचा. 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (२०२३) मराठीतही आला होता आणि मुलांसोबत बघायला ते छानच. पण गुण द्यायचे असतील तर मूळ आवाज आणि खाली अक्षरं, असंच बघा. माणूस मुखवटा घालताना आवाज कसा बदलतो, हे तपासायचं आहे.

मूळ म्हणजे नक्की कुठलं?

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. 'कॉमिकमध्ये असं नाही' हे वाक्य गटात बंदच करा. त्याऐवजी 'अमुक साली, अमुक लेखकाच्या कथेत असं नाही' असं म्हणायची सवय लावा.

बॅटमॅन घ्या. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी तो १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात आणला. पहिल्या वर्षातला हा बॅटमॅन माणसं मारतो, कधी पिस्तूलही बाळगतो. 'खून करायचा नाही' हा नेम १९४० मध्ये संपादकाने घातला, आणि मग तोच त्याचा कणा झाला. म्हणून १९८९ च्या सिनेमातला बॅटमॅन गुंडांना मारतो तेव्हा तो पहिल्या वर्षाशी जुळतो आणि पुढच्या पन्नास वर्षांशी फटकून असतो. दोन्ही विधानं खरी आहेत.

सुपरमॅन १९३८ मध्ये 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला तेव्हा उडत नव्हता, लांब उड्या मारत होता. त्याला हतबल करणारा क्रिप्टोनाइट आधी रेडिओच्या मालिकेत आला, १९४३ मध्ये, आणि कॉमिकमध्ये १९४९ मध्ये पोचला. हार्ली क्विन १९९२ च्या कार्टून मालिकेत जन्मली, कागदावर नंतर आली. २००८ च्या 'आयर्न मॅन'नंतर तर कॉमिकमधला टोनी स्टार्कच पडद्यावरच्या टोनीसारखा बोलायला लागला. प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो. तेव्हा ताडायला घेतलेलं कॉमिक सिनेमाच्या आधीचं की नंतरचं, हे वहीत पहिल्या ओळीवर लिहा.

इंद्रजाल कॉमिक्सवर पोसलेल्या पिढीला हे लगेच पटेल. ली फॉकचा फँटम १९३६ चा, मराठीत तो वेताळ झाला, आणि गोव्यातल्या आमोण्याच्या किंवा लोलयेच्या बेताळाला, म्हणजे वेताळ देवाला, हात जोडणाऱ्या घरातल्या मुलांनी त्या नावासोबत आपल्या रानातला राखणदारही वाचला. लेखकाने तो घातलेला नव्हता. १९९६ चा सिनेमा जांभळ्या पोशाखापर्यंत प्रामाणिक आहे. तरी आपला वेताळ त्यात सापडत नाही असं कोणी म्हणालं तर ते चूक धरू नका. फक्त ती तुलना सिनेमा आणि अनुवाद यांच्यातली आहे, एवढं नोंदवून ठेवा.

पान वाचायला शिकणं

सिनेमा बघायची सवय सगळ्यांना असते, पान बघायची नसते. लोक फुग्यातलं बोलणं वाचतात आणि चित्र ओलांडून जातात. यावर गोव्यात उपाय हाताशी आहे. पणजीच्या बाजारात मारियो मिरांडांची चित्रं भिंतींवर मोठी करून लावलेली आहेत. गटाने तिथे एका चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहावं, न बोलता. मग प्रत्येकाने सांगावं: नजर आधी कुठे गेली, मग कुठे, आणि शेवटी कोणता कोपरा सापडला. गर्दीतल्या प्रत्येक चेहऱ्याला मारियोंनी वेगळं काम दिलेलं असतं, त्यामुळे उत्तरं वेगवेगळी येतात. हा सराव एकदा झाला की कॉमिकच्या पानावर डोळा आपोआप थांबायला लागतो.

पान वाचताना तीन गोष्टी बघा. चौकटी लहान होत जातात की मोठ्या? नायक चौकटीत किती जागा व्यापतो? कुठे बोलणं थांबून नुसतं चित्र उरतं? याची टिपणं पेन्सिलीने वहीत करा, पानावर नको.

वहीतला तक्ता

सिनेमा लावायच्या आधी, कॉमिक संपल्या संपल्या, चार रकाने भरायचे. आधी म्हणजे आधीच. सिनेमा बघून मग भरले तर सिनेमातलाच नायक तक्त्यात उतरतो आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन जातो.

पहिला रकाना नेम: नायक काय झालं तरी करणार नाही, किंवा केल्याशिवाय राहणार नाही. याला ४ गुण. दुसरा उणीव: शक्ती असूनही त्याला काय खुपतं, काय मिळत नाही. ३ गुण. तिसरा दोन चेहरे: मुखवट्यातला आणि मुखवट्याबाहेरचा माणूस यांत फरक काय, आणि त्यातला खरा कोणता. २ गुण. चौथा चित्राची भाषा: कॉमिक ज्या पद्धतीने दिसतं त्याला सिनेमाने स्वतःचं काही उत्तर शोधलं का. १ गुण. पोशाखाला शून्य. हे ऐकून नाराज होणारे प्रत्येक गटात असतात, पण पोशाखाला एक जरी गुण ठेवला तरी सगळी चर्चा तिकडेच वाहून जाते.

सगळ्याच नायकांना दोन चेहरे नसतात. जज ड्रेडला तर एकही नाही. १९७७ पासून '२००० एडी' या ब्रिटिश साप्ताहिकात त्याचा चेहरा वाचकाला दाखवलेला नाही, कारण तो माणूस म्हणून उरलेलाच नाही, नुसता कायदा आहे. अशा वेळी तिसऱ्या रकान्याचे २ गुण नेमाला जोडा. १९९५ च्या सिनेमात शिरस्त्राण उतरलं, नटाचा देखणा चेहरा दिसला आणि ड्रेड तिथेच संपला. २०१२ च्या 'ड्रेड'मध्ये कार्ल अर्बनचा चेहरा एकदाही नीट दिसत नाही. सगळा अभिनय हनुवटीत आणि आवाजात. ९५ मिनिटांच्या, एकाच इमारतीत घडणाऱ्या या सिनेमाला आमच्या हिशेबाने १० पैकी ९.

बघताना

पहिल्यांदा दिवे घालवून, वही मिटून, सलग बघा. थांबवत थांबवत बघितला की सिनेमाची लय मोडते आणि मग सगळेच सिनेमे कॉमिकपेक्षा उणे वाटतात. बोलण्याच्या वेळी मात्र फक्त एक प्रसंग निवडा, ५ ते १० मिनिटांचा, आणि तो कॉमिकचं पान शेजारी उघडं ठेवून पुन्हा बघा. निवडायचा प्रसंग कोणता? जिथे नायकाचा नेम पणाला लागतो तो. हाणामारीचा मोठा प्रसंग निवडू नका. तिथे सगळे नायक सारखेच दिसतात.

हे कसं चालतं ते स्पायडर-मॅनवर सविस्तर बघू, कारण सुरुवात त्याच्यापासूनच करावी असं आमचं मत आहे. वाचायला फार थोडं आहे आणि सापडण्यासारखं फार.

वाचन: 'अमेझिंग फँटसी' अंक १५, ऑगस्ट १९६२, लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिट्को. अवघी ११ पानं. त्याला जोडून 'अमेझिंग स्पायडर-मॅन' अंक ३३ (१९६६) ची पहिली पाच पानं आणि अंक ५० (१९६७). सिनेमा: 'स्पायडर-मॅन २' (२००४), १२७ मिनिटं.

त्या ११ पानांत पीटर पार्कर एका पळत्या चोराला सहज सोडून देतो आणि तोच चोर पुढे बेनकाकांचा जीव घेतो. शेवटच्या चौकटीत एक छोटीशी आकृती अंधाऱ्या रस्त्याने दूर चालत जाते. शक्तीसोबत जबाबदारी येते हे प्रसिद्ध वाक्य इथे निवेदकाचं आहे, काकांच्या तोंडी नाही. २००२ च्या सिनेमाने ते गाडीत बसलेल्या काकांच्या तोंडी घातलं. फरक बारीक वाटतो, पण कॉमिकमध्ये पीटरला ते कोणी आधी सांगितलेलं नसतं. ते त्याला नुकसानीतून कळतं. तक्त्यात नेम लिहायचा तो असा: मदत करणं शक्य असताना पाठ फिरवायची नाही. उणीव: पैसा नाही, वेळ नाही, आणि खरं कोणाला सांगायची सोय नाही.

आता अंक ३३. पीटर एका प्रचंड यंत्राखाली अडकला आहे, वरून पाणी गळतंय, मेकाकूला वाचवणारं औषध समोर पडलंय पण हात पोचत नाही. डिट्को काय करतो बघा. आधी चौकटी लहान ठेवतो, त्यात पीटर दबलेला, वाकलेला. तो जोर लावू लागतो तसतशा चौकटी वाढत जातात, आणि शेवटी एक पूर्ण पान, यंत्र डोक्यावर उचललेलं. वाचकाची छाती मोकळी होते ती त्या पानाच्या आकाराने.

'स्पायडर-मॅन: होमकमिंग' (२०१७) ने हाच प्रसंग ढिगाऱ्याखाली उभा केला आहे. डबक्यात अर्धा चेहरा आणि अर्धा मुखवटा एकत्र दिसतो, तीही डिट्कोची जुनी खूण. चित्र म्हणून उत्तम. पण इथे पीटर उठतो तो टोनी स्टार्कचे शब्द आठवून. कॉमिकमध्ये तो उठतो काकूसाठी आणि गेलेल्या काकांच्या ऋणातून. प्रसंग तोच, बळ कुठून आलं ते बदललं, म्हणून उणिवेच्या रकान्यात गुण कापले जातात.

'स्पायडर-मॅन २' मध्ये यंत्र नाही, पण आगगाडी थांबवून निपचित झालेल्या पीटरला प्रवासी हातोहात उचलून घेतात, मुखवट्याशिवाय. पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून पाठमोरा जाणारा पीटर तर अंक ५० मधून जसाच्या तसा घेतला आहे. याहून मोलाचा प्रसंग मात्र कॉमिकमध्ये त्या रूपात नाहीच. टेबलाशी बसून पीटर काकूला सांगतो की काकांच्या मरणाला तो कारण आहे. काकू त्याच्या हातातला हात काढून घेते आणि काही न बोलता जिना चढून जाते. एवढंच. आरडाओरडा नाही, संगीताचा मारा नाही. तो रिकामा झालेला हात म्हणजे पीटरची उणीव, आणि त्या ११ पानांतून हा प्रसंग सरळ उगवतो. जाळं मनगटातून आपोआप येतं, कॉमिकसारखं पोराने स्वतः बनवलेलं यंत्र नाही, त्याचा अर्धा गुण जातो, कारण पीटरची हुशारी तिथे दिसते. बाकी सगळे द्या. साडेनऊ.

चौथ्या रकान्याचा विषय निघाला की 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) लावा. यातला माइल्स मोरालेस २०११ मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी आणला. जुन्या छपाईतले रंगाचे ठिपके, रंग रेषेबाहेर सरकण्याची जुनी चूक, चौकटींसारखा तुटणारा पडदा, हे सगळं यात मुद्दाम आणलं आहे. एक बारीक गोष्ट पुन्हा लावून बघा. सुरुवातीला माइल्स अडखळत हलतो, कारण त्याचं एकेक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं आहे, तर शेजारचा अनुभवी पीटर दर फ्रेमला नव्या चित्राने सफाईने हलतो. शिकाऊ कोण आणि मुरलेला कोण, हे न सांगता कळतं. कॉमिकच्या कागदाला पडद्याने दिलेलं इतकं नेमकं उत्तर दुसरं नाही.

सुपरमॅन आणि तो अवघड प्रश्न

वाचायला 'ऑल-स्टार सुपरमॅन' घ्या: ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली, २००५ ते २००८, १२ अंक. घरी सगळं वाचा, बैठकीत अंक १ आणि १०. बघायचा १९७८ चा 'सुपरमॅन'. कॉमिक सिनेमाच्या नंतरचं आहे, हे वहीत लिहा. तरी तेच सुचवतो, कारण आधीच्या कित्येक दशकांतला सुपरमॅन या १२ अंकांत गाळून आला आहे.

निवडायचा प्रसंग लोइसच्या घरातला. ती आत गेली आहे, क्लार्क, म्हणजे चष्मा लावून साधा माणूस बनलेला सुपरमॅन, बाहेर एकटा. तो चष्मा काढतो, पाठीचा कणा सरळ होतो, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो. आता तो तिला सांगणार. मग धीर सुटतो, चष्मा परत चढतो आणि तोच माणूस डोळ्यांदेखत दोन इंच आखूड होतो. क्रिस्तोफर रीव्हने हे कोणत्याही युक्तीशिवाय, नुसत्या शरीराने केलं. क्वाइटलीचा पोक काढून वावरणारा, अंगावर सैल कपडे असलेला क्लार्क शेजारी ठेवा, म्हणजे चष्म्याने माणूस कसा लपतो या जुन्या शंकेचं उत्तर दोन्हीकडे सारखंच सापडेल. दोन चेहऱ्यांचे पूर्ण २ गुण.

नेमाच्या रकान्यात 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) वर भांडण होणार, त्याची तयारी ठेवा. सुपरमॅन शेवटी खलनायक झॉडची मान मोडतो. 'सुपरमॅन कधीच मारत नाही' असं कोणीतरी म्हणेल, आणि ते पूर्ण खरं नाही. १९८८ मध्ये जॉन बर्नच्या कथेत त्याने तीन क्रिप्टोनवासीयांना मरणदंड दिला होता. पण पुढे काय झालं? त्या अपराधाने तो आतून मोडला, स्वतःलाच पृथ्वीवरून हद्दपार करून निघून गेला. सिनेमात एक किंकाळी आहे, आणि थोड्याच वेळात नवं, हलकंफुलकं दृश्य. नेम मोडणं हा दोष धरू नका, मोडलेल्या नेमाची किंमत न मोजणं हा धरा. ४ पैकी दीड. २०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये अक्राळविक्राळ प्राण्याशी झुंजतानाच तो एका खारीला उचलून बाजूला नेतो. 'ऑल-स्टार सुपरमॅन'च्या अंक १० मध्ये इमारतीच्या कडेवर उभ्या मुलीसाठी तो वेळ काढतो, एका पानात, त्याच जातीचं हे.

बाकीचे, भराभर

बॅटमॅनसाठी 'बॅटमॅन: इयर वन' (१९८७, फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली, अंक ४०४ ते ४०७) वाचा. 'द डार्क नाइट' (२००८) मध्ये जोकर रस्त्यात उभा राहून आव्हान देतो आणि बॅटमॅन त्याला चिरडण्याऐवजी गाडी वळवून स्वतः आपटतो: नेमाचे गुण तिथेच ठरतात. त्याआधीच्या 'बॅटमॅन बिगिन्स' (२००५) मध्ये मात्र 'मारणार नाही, पण वाचवायलाही बांधील नाही' अशी पळवाट काढली आहे, तिथे कापा. आमची पहिली पसंती या दोघांनाही नाही. १९९३ चा सव्वा तासाचा कार्टूनपट 'मास्क ऑफ द फँटझम' लावा. त्यात ब्रूस, म्हणजे मुखवट्याबाहेरचा बॅटमॅन, भर पावसात आईबापांच्या थडग्यापुढे गुडघे टेकतो आणि शपथेतून सुटका मागतो, कारण त्याला प्रेम मिळालंय आणि सुखी होण्याची तयारी त्याने कधी केलीच नव्हती. नेम आणि उणीव एकाच प्रसंगात एकमेकांसमोर उभे. दहापैकी दहा द्यायला आमची हरकत नाही.

कॅप्टन अमेरिकासाठी 'द विंटर सोल्जर' (२०१४), सोबत एड ब्रूबेकर आणि स्टीव्ह एप्टिंगची २००५ मध्ये सुरू झालेली कथा. शेवट दोन्हीकडे वेगळा आहे. पडद्यावर स्टीव्ह, म्हणजे कॅप्टन अमेरिका, ढाल टाकून देतो आणि जुन्या मित्राचे घाव सोसतो. प्रसंग नवा असूनही गुण पूर्ण, कारण हा हट्ट त्याचाच.

'डेडपूल'ला फार वेळ नको. सतत बडबडणारा, वाचकाशी थेट बोलणारा हा भाडोत्री मारेकरी २००९ मध्ये पडद्यावर आला तो ओठ शिवून. २०१६ मध्ये तोंड उघडलं. दोन्हीची दहा दहा मिनिटं पाठोपाठ दाखवा, नवख्या माणसाला पिंड म्हणजे काय ते लगेच कळेल.

'वॉचमेन'ला मात्र वेळ द्या. अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे १२ अंक (१९८६-८७). बहुतेक पानं नऊ सारख्या चौकटींची, संथ, कोंडलेली. या जगात खरी शक्ती एकट्या डॉ. मॅनहॅटनकडे आहे. बाकीचे पोट सुटलेले, पोशाखात अवघडलेले साधे लोक. सिनेमाने शेवटचा राक्षसी जीव काढून टाकला यावर लोक भांडतात, पण खरी गडबड गल्लीतल्या मारामारीत आहे. हाडं मोडताना चित्र संथ होतं, नायक देखणे आणि अजिंक्य दिसतात. ज्या मुखवट्यांची कीव यायला हवी त्यांचा रुबाब वाटायला लागतो. चौकटी जुळूनही अर्थ उलटा होतो तो असा. चौथ्या रकान्यात १, नेमाच्या रकान्यात २.

कुठे घसरायला होतं

ओळखीच्या मुखपृष्ठाची नक्कल पडद्यावर दिसली की टाळी पडते आणि गुण वाढतात. टाळी द्या, गुण देऊ नका. दुसरं, साठ वर्षांची हजारो पानं एका बाजूला आणि दोन तासांचा सिनेमा दुसऱ्या बाजूला, अशी तुलना करू नका. ठरवलेले अंक आणि ठरवलेला सिनेमा, एवढंच. तिसरं, कथानकातला बदल म्हणजे दोष नव्हे, पण तो कोणाच्या वाट्याचं काम हिरावतो ते बघा. १९८१ च्या 'एक्स-मेन' अंक १४१-१४२ मध्ये भूतकाळात जाते ती किटी प्राइड, म्हणजे प्रौढ किटीचं मन तिच्याच कोवळ्या वयातल्या शरीरात. २०१४ च्या सिनेमात तिच्या जागी वुल्व्हरिन गेला. सिनेमा चांगला आहे, किटी मात्र नुसती उशाशी बसून राहिली.

गुण प्रत्येकाने गुप्तपणे लिहावे आणि मग एकदम उघडावे. आधी बोलून मग लिहिले तर सगळे त्या गटातल्या मोठ्या आवाजाच्या माणसाचे आकडे लिहितात. दोघांच्या गुणांत तीनहून जास्त अंतर पडलं तर त्या दोघांनीच निवडलेला प्रसंग पुन्हा बघावा, बाकीच्यांनी चहा घ्यावा.

पावसाळ्यात प्रती सांभाळणं

गोव्याच्या दमट हवेत गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटतात आणि पिनांना गंज धरतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खालच्या फळीवर कॉमिक ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं तर आत सिलिका जेलची पुडी हवी, आणि पिशवी कोरड्या दिवशीच बंद करायची, नाहीतर आतली ओल आतच राहून बुरशी धरते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याचा पिवळेपणा मुखपृष्ठावर उतरतो. बैठक संपली की प्रती लगेच कपाटात टाकू नका. हातांचा घाम आणि चहाची वाफ पानांत असते. तासभर पंख्याखाली उघड्या ठेवा, मग आत.